घरातला अबोला मंडळीत पोचला तेव्हा

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्यात. बाबा निवृत्त शिक्षक आणि मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचकमिटीचे अध्यक्ष. धाकटा भाऊ शेती करतो, तरुण संघ बघतो. दोघं एकाच उपासनेला यायचे, एक पुढच्या बाकावर, दुसरा दाराशी. घरी मात्र एकमेकांशी चकार शब्द नाही.

कारण विहिरीकडचं अर्धा एकर. बाबांनी ते चुलत्यांच्या मुलाच्या नावावर करून दिलं आणि भावाला कळलं ते पीककर्जासाठी सातबारा काढला तेव्हा. जमीन बाबांची स्वतःची, त्यामुळे हक्काचा प्रश्न नव्हता. "ताई, मला हे तलाठ्याकडून कळावं?" एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. मी माहेरी आले की दोघांचे निरोप माझ्यामार्फत. "त्याला म्हणावं, ट्रॅक्टरवाल्याचे पैसे द्यायचेत." "बाबांना सांग, दिले." आणि दोघंही एकाच ओट्यावर बसलेले!

पुढे सभागृहाच्या पत्र्यांचं काम निघालं. खर्चाबद्दल तरुणांनी विचारलं, तर बाबा म्हणाले, "हिशेब चोख आहे," आणि विषय संपवला. हिशेब चोखच होता. पण मग लोक बाबांना विचारायचे सोडून भावाकडे यायला लागले, आणि तो म्हणायचा, "तुमचं बरोबर आहे हो, पण तिथे ऐकून कोण घेतंय?" पंचकमिटीत दोन तट पडले. नाताळचा कार्यक्रमही वेगवेगळा करायची भाषा सुरू झाली.

त्याच सुमारास मी बायबलमधल्या 2 शमुवेलचे 13 ते 15 अध्याय पुन्हा वाचले आणि हादरले. वेशीकडच्या वाटेवर उभा राहून दावीद राजाचा मुलगा अबशालोम लोकांना जवळजवळ हेच सांगतो: तुझी बाजू रास्त आहे, पण राजाकडून ऐकून घ्यायला कोणी नेमलेलं नाही. पुढे त्याने बापाविरुद्ध केलेलं बंड सुरू झालं घरात. त्याची बहीण तामार, तिच्यावर सावत्र भाऊ अम्नोनाने अत्याचार केला. दावीद संतापला, पण अम्नोनाला काही बोलल्याचं वचनात नाही. अबशालोम अम्नोनाशी बरंही बोलला नाही, वाईटही नाही, आणि 2 वर्षांनी त्याचा खून करवला. मग पळून जाऊन 3 वर्षं परमुलखात, गशूरात. परत आणलं तरी यरुशलेमात 2 वर्षं बापाचं तोंड पाहायला मिळालं नाही. दावीदाचा सेनापती यवाब बोलावूनही येईना, तेव्हा त्याचं जवाचं शेत पेटवून दिलं. शेवटी राजाने मुलाचा मुका घेतला. पण त्या भेटीत दोघांत बोलणं झाल्याचा उल्लेखच नाही, आणि लगेच पुढच्या अध्यायात तो वेशीशी उभा! मला वाटतं, दावीदाची माया खरी होती, म्हणून तर पुढे बंडात अबशालोम मारला गेल्यावर तो "माझ्या मुला" म्हणून इतका आक्रोश करतो. ती माया मुलापर्यंत वेळेवर पोचली नाही. आणि तामारेला अबशालोमाने एवढंच विचारलं, अम्नोन तुझ्याजवळ होता का. मग तिला गप्प राहायला सांगितलं. हे मी वाचताना कधी सोडून जाऊ शकत नाही.

मी दोघांनाही सांगितलं, यापुढे निरोप नेणार नाही. पाळक साहेबांकडे गेले. त्यांनी मत्तय 18 काढला: आधी दोघांनीच एकांतात बोलायचं, नाही जमलं तर एक-दोघांना सोबत घ्यायचं, मंडळीसमोर नंतर. बाबांनी हाच क्रम इतरांना कितीदा सांगितला होता. दोघं एकांतात बसले आणि आवाज गल्लीपर्यंत गेले.

मग पाळक साहेब आणि मामा सोबत बसले. अट एकच: उत्तर देण्याआधी समोरचा काय म्हणाला ते आपल्या तोंडाने सांगायचं. बाबांना हे फार जड गेलं. तीनदा त्यांनी उत्तरच सुरू केलं, तीनदा मामांनी थांबवलं. चौथ्यांदा ते हळू म्हणाले, "तू म्हणतोस, मी तुला परक्यासारखं वागवलं." भावाने मान हलवली आणि त्याला रडू आलं. मग त्याने बाबांचं ऐकलं. चुलत्यांनी बैलजोडी विकून बाबांची डी.एड.ची फी भरली होती. त्यांच्या शेवटच्या आजारात बाबांनी शब्द दिला होता. आईलाही याची पूर्ण कल्पना नव्हती.

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस."

"माहीतच नव्हतं, तर विचारू काय?"

यावर बाबा गप्प बसले, पण उठून गेले नाहीत. त्या दिवशी एवढंच झालं. नंतरही बैठका झाल्या, एकदा तर भाऊ ताटावरून उठून गेला.

मंडळीचं काम त्यामानाने लवकर मार्गी लागलं. यहोशवा 22 मध्ये यार्देनेजवळ पलीकडच्या भाऊबंदांनी बांधलेली वेदी पाहून बाकीचे इस्राएल लढाईला जमतात, पण आधी फिनहास याजक आणि 10 सरदार जाऊन विचारतात, ऐकतात, आणि युद्ध टळतं. पाळक साहेबांनी हाच उतारा पंचकमिटीपुढे वाचला. बाबांनी पत्र्यांची बिलं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. वाहतुकीच्या बिलावर भावानेच प्रश्न विचारला. बाबांच्या कपाळाला आठी पडली, पण त्यांनी पावती काढून दाखवली. आता दर तिमाहीचा हिशेब उपासनेनंतर वाचला जातो.

अर्धा एकर चुलतभावाकडेच आहे. भावाला तो निर्णय अजून पटलेला नाही, आणि तसं तो बाबांना तोंडावर सांगतो. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून परवाही दोघांचं वाजलं. मला फोन आला तो आईचा, तोही भाजणीचं विचारायला.