पालथं

मे महिन्यातली दुपार. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस, कूलरमध्ये नुकतंच पाणी भरलेलं, आणि माझी पुतणी बैठकीच्या खोलीत फरशीवर पालथी पडलेली. दोन्ही हात अंगाशी चिकटवलेले, हनुवटी फरशीला टेकते न टेकते अशी, डोळे मिटलेले. मधूनच डोकं जरासं डावीकडे झुके, मग उजवा खांदा दबे, मग एक गुडघा. ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजणं चाललेलं. आई देवघरातून बाहेर आली, क्षणभर बघत उभी राहिली आणि मला हळूच म्हणाली, "हिच्या अंगात येतं का रे?"

डोळे न उघडताच उत्तर आलं, "आजी, थांब ना. तेरावं वळण आलंय."

पुतणी व्हँकुव्हरला शिकायला गेली आणि तिथून दोनेक तासांवरच्या व्हिसलर नावाच्या गावात स्केलेटन शिकू लागली. हे घरात कळलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "म्हणजे सांगाडा ना? असल्या नावाचा खेळ कशाला?" मग खेळ समजावून झाला. लोखंडी चौकटीची, हातभर रुंदीची एक घसरगाडी. तिच्यावर पालथं पडायचं, डोकं पुढे, पाय मागे. ब्रेक नाही, वळवायला हँडल नाही, आणि खाली बर्फाची नळी. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हल्ली इंदूरला आमच्या राजेंद्रनगरात कोणी विचारलं की ती सांगते, "बर्फावरची घसरगुंडी खेळते." हे वर्णन चूक आहे असं मला तरी म्हणता आलेलं नाही.

व्हिसलरची ती नळी 2010च्या ऑलिंपिकसाठी बांधलेली. लांबी 1450 मीटर, वळणं सोळा, आणि वरच्या टोकापासून खालपर्यंत 152 मीटरचा उतार. कसलेले खेळाडू तिथे ताशी 140 किलोमीटरच्या आसपास जातात. नवशिक्यांना खालच्या टप्प्यावरून सोडतात, तरी पुतणी शंभराच्या वर जातेच. तेराव्या वळणाचं नाव फिफ्टी-फिफ्टी. आपल्याकडे त्या नावाचं बिस्किट आहे. तिकडे, निम्म्या गाड्या तिथे उलटायच्या म्हणून.

आणि ज्या गावातून ही मुलगी गेली त्या गावाचं गाणं उस्ताद अमीर खाँचं. अतिविलंबित. झूमरा तालाची सम यायच्या आत माणसाने चहा टाकून, पिऊन, कप विसळून ठेवावा. असो.

मला या खेळात वेगापेक्षा पालथं पडण्याचं अप्रूप जास्त आहे, आणि त्याला कारण आहे. मी जन्माचा पालथा झोपणारा. लहानपणापासून घरातल्या प्रत्येक बाईने मला कधी ना कधी उलटं केलेलं आहे. आजी म्हणायची, पालथं झोपू नये, वाईट स्वप्नं पडतात. आत्या म्हणायची, छातीवर दाब येतो. लग्नानंतर बायकोने घोरण्याचं शास्त्र सांगितलं. शाळेत गुरुजींनी तर "पालथ्या घड्यावर पाणी" हा वाक्प्रचार शिकवताना उदाहरण म्हणून माझंच नाव घेतलं होतं. खरं तर पालथं पडण्याचं कौतुक आपल्याकडे एकदाच होतं, आपण चार-पाच महिन्यांचे असताना. तेव्हा आजी करंज्या करते, फोनाफोनी होते. त्यानंतर उरलेलं आयुष्यभर "सरळ झोप". एवढ्या वर्षांनी घरातलंच एक माणूस पालथं पडून स्पर्धेत उतरलं, याचा मला जो आनंद झाला तो तिच्या आईवडिलांनाही झालेला नाही.

"काका, त्यात काही करायचंच नसतं," ती म्हणते. "जितकं कमी करशील तितकं फास्ट. अंग ताठ केलंस की गेलं. भीती वाटली की खांदे वर जातात, खांदे वर गेले की गाडी भिंतीला घासते." म्हणजे मी रोज दुपारी करतो तेच. मी तसं म्हणून दाखवलं. तिने फक्त भुवया उडवल्या.

काही करायचं नसतं ते गाडीवर पडल्यावर. त्याआधी मात्र बरंच असतं. सुरुवातीला गाडीची मूठ धरून, कमरेत पार वाकून जीव खाऊन पळायचं, आणि पळता पळता तिच्यावर झेप घ्यायची. तो सराव सुट्टीतही चुकवून चालत नाही, म्हणून ती सकाळी सहाला जवळच्या मैदानावर जायची. गाडी नाही, तर नुसतीच वाकून, एक हात जमिनीशी नेत पळायची. तिसऱ्या दिवशी मी सोबत गेलो. फिरायला येणारे एक आजोबा तिच्या मागून धापा टाकत आले. "क्या गिर गया बेटा? कान का है क्या?" त्यांच्याबरोबरच्या दोन काकू तर गवतात शोधूही लागल्या होत्या. पुतणीने पहिल्या दिवशी खुलासा करून पाहिला होता म्हणे. आता ती सरळ सांगते, "मिल गया अंकल."

गाडी तिने आणली नव्हती, पण हेल्मेट आणि बूट आणले होते. बुटांच्या पुढच्या भागाला खाली बारीक सुयांसारखे खिळे, दाटीवाटीने. आई बूट उलटा धरून म्हणाली, "किसणीच की गं. नारळ निघेल यावर." हेल्मेट आईने ओल्या फडक्याने पुसलं. हनुवटीच्या जागी रंग उडून आतला पांढरा थर दिसत होता, ओरखडे सगळे एकाच दिशेने गेलेले. मोठ्या वळणात अंगाचं वजन चार-पाच पट होतं, मान उचलून धरता येत नाही आणि हनुवटी बर्फाला लागते, हे तिने मला आदल्या रात्री सांगितलं होतं. आईने विचारलं, "हे कशाने घासलं?"

"ट्रकमध्ये घासलं, आजी."

दादा, म्हणजे तिचा बाप, खिडकीकडे बघत होता.

आता दादाचं सांगतो. आम्ही तेव्हा रामबागेत राहायचो. आमच्या गल्लीतून एक बोळ नदीकडे उतरायचा. दुपारी सगळे झोपले की दादा त्याची गाडी काढायचा. गाडी म्हणजे एक फळी आणि गॅरेजमधून मागून आणलेली तीन जुनी बेअरिंगं. इतर पोरं तिच्यावर बसून जायची, पुढच्या आडव्या दांडीवर पाय ठेवून. दादा पालथा पडायचा. का, तर बसून गेलं की जमीन लांब दिसते. खर्रर्र असा आवाज यायचा, दातात शिरणारा. एकदा खाली म्हैस आडवी आली. दादाने म्हैस वाचवली. त्याचा पुढचा अर्धा दात मी नाल्याच्या कडेला तासभर शोधला, कारण तो चिकटवून मिळतो असं आम्हाला कोणीतरी सांगितलं होतं. घरी सांगितलं की जिन्यावरून पडला. आईला खरं अजून माहीत नाही.

चाकांच्या गाडीचा हा धंदा अगदीच पोरकट नव्हता हे पुढे कळलं. आपला शिवा केशवन हिमाचलच्या रस्त्यांवर चाकं लावलेल्या गाडीवर सराव करायचा, ट्रकांच्या आणि मेंढ्यांच्या मधून, आणि 1998च्या नागानोपासून 2018पर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक खेळला. त्याचा खेळ ल्यूज. त्यात उताणं पडतात, पाय पुढे. उताणे आणि पालथे यांची तिकडे वेगवेगळी पदकं असतात, हे मला फारच न्याय्य वाटतं. पालथ्यांना मात्र वाट पाहावी लागली. 1928 आणि 1948 साली सेंट मॉरिट्झला हा खेळ ऑलिंपिकमध्ये होता, मग थेट 2002मध्ये परतला. बायकांना तर तेव्हाच पहिल्यांदा घेतलं.

पुतणीचा तिकडचा दिवस ऐकला की खेळ कुठे आहे हेच शोधावं लागतं. सकाळी कॉलेज, मग एका कॅफेत भांडी, मग बस. तिथे तीसेक किलोची गाडी खांद्यावर, मग गाडी उलटी ठेवून खालच्या पोलादी दांड्यांना पॉलिशपेपर. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. दांड्या गरम करून आणल्या तर बर्फावर जास्त पळतात, म्हणून स्पर्धेत त्यांचं तापमान मोजतात. ठरल्यापेक्षा जास्त भरलं की बाद. (इंदूरला स्पर्धा झाली तर सगळेच बाद.) एवढं करून संध्याकाळी दोन, फार तर तीन फेऱ्या. त्याहून जास्त डोक्याला आणि मानेला सोसत नाही. एक फेरी मिनिटाच्या आत संपते. म्हणजे आठवडाभराच्या हमालीत प्रत्यक्ष खेळ दहा मिनिटं. बाकीचं फरशीवर, डोळे मिटून.

पहिल्या स्पर्धेत ती शेवटून दुसरी आली. शेवटच्या मुलीच्या हातून झेप घेण्याआधीच गाडी सुटली होती, हे तिने स्वतःच सांगितलं.

आमच्याकडे घराबाहेर पडताना "जाते" म्हणत नाहीत, "येते" म्हणतात. पुतणी फेरीआधी घरच्या ग्रुपवर तेवढंच लिहिते, "येते." तिकडे संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, इकडे सकाळचे साडेसात, पोह्यांची वेळ. फोन वरच राहतो. खाली पोचल्यावर ट्रक त्यांना पुन्हा वर आणतो, मग "आले" येतं. पन्नास सेकंदांचा प्रवास आणि वीस मिनिटांचा निरोप.

फेब्रुवारी 2010मध्ये, उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा त्याच नळीच्या शेवटच्या वळणावर सरावात बाहेर फेकला गेला. ल्यूजवर होता. नंतर तिथली भिंत उंच केली, पुरुषांच्या ल्यूजची सुरुवात खाली आणली. हे दादाने शोधून वाचलं आणि मला वाचायला दिलं. आईला सांगितलेलं नाही.

गेल्या जानेवारीत एकदा "आले" यायला पाऊण तास लागला. ट्रक बंद पडला होता, इतकंच. दादा फोन हातात धरून बसला होता, मी दादाकडे बघत होतो. आमच्या दोघांच्या बशा तशाच. आईने आपले पोहे संपवले, आणखी दोन चमचे वाढून घेतले, मग पोह्यांवर भुरभुरायच्या मसाल्याची डबी उलटी करून ताटलीवर ठोकली.

"जिरावन संपलंय," ती म्हणाली. "ती आली की मग जा आणायला."