आई, बाटल्या आणि दहा सेंट

गेल्या रविवारी संध्याकाळी ऑस्ट्रेलियात, पर्थजवळच्या फ्रीमँटलच्या साउथ बीचवर माझी आई कचऱ्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभी होती. अंगात सुती साडी, पायात नातीचे बूट, पदर कमरेला खोचलेला. आणि नेमकं त्याच वेळी आमच्या ओळखीतलं एक मराठी कुटुंब बार्बेक्यूचं सामान घेऊन समोरून आलं.

"अगं, ह्या काकू ना?"

मी म्हणाले, "हो, अंगठी पडली वाटतं त्यांची."

हे माझ्या तोंडून कसं आलं मला माहीत नाही. पण आलं. ती बिचारी सज्जन माणसं. सामान खाली ठेवून चौघंही वाळूत अंगठी शोधायला लागली. त्यांचा धाकटा मुलगा तर मोबाइलचा टॉर्च लावून पेटीखाली आडवा झाला. पाच मिनिटांनी आईचं लक्ष गेलं. तिने उजवा हात वर केला, अंगठी बोटात होती, आणि त्याच हातात एक चेपलेला कॅन.

"माझी अंगठी हातात आसा गो. हो कॅन बघ, दहा सेंटाचो आसा हो!"

तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. पण आधी माझ्या पुण्याईबद्दल थोडं, म्हणजे मी पडले किती उंचावरून ते कळेल.

पश्चिम ऑस्ट्रेलियात राहायला येऊन मला आठ वर्षं झाली. नवरा दोन आठवडे खाणीवर, एक आठवडा घरी, त्यामुळे घर, मुलगी आणि समुद्र असं माझं त्रिकूट. मालवणच्या माणसाला इथे एक सोय आहे, सूर्य बुडतो तो समुद्रातच. समुद्रही परका नाही. तोच हिंदी महासागर, फक्त दुसऱ्या टोकाने. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरून गार वारा सुटतो, त्याला इथे 'फ्रीमँटल डॉक्टर' म्हणतात. शाळेत आपण 'खारे वारे आणि मतलई वारे' पाठ केलेलं, त्यातले हे खारे. डॉक्टर म्हटल्यावर किती रुबाब वाटतो बघा.

'प्लास्टिक फ्री जुलै' ही मोहीम आता जगभर पोचलीय, पण ती निघाली आमच्या पर्थमधून, 2011 साली. रिबेका प्रिन्स-रुईझ या बाई तेव्हा स्थानिक कौन्सिलांच्या कचरा विभागात काम करायच्या. 'महिनाभर एकदाच वापरायचं प्लास्टिक घ्यायचं नाही' असं त्यांनी ठरवलं आणि चाळीसेक लोक बरोबर घेतले. (हे मी भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला सांगते, जणू त्या चाळिसात मी होते.) मग 2022 पासून राज्याने कायदाच आणला. प्लास्टिकच्या प्लेटी, चमचे, स्ट्रॉ, पिशव्या, थर्माकोलचे डबे, सगळं टप्प्याटप्प्याने बंद. हेलियमचे फुगे आकाशात सोडायलाही बंदी, कारण ते शेवटी समुद्रात पडतात आणि कासवं ते खातात.

या सगळ्यात माझा स्वतःचा मानाचा तुरा म्हणजे मासळीचा डबा. स्टीलचा, कडीचा, लग्नात मामीने दिलेला. सुरमई घ्यायला गेले की मी तो काउंटरवर ठेवते. पोरगा आधी रिकामा डबा काट्यावर ठेवतो, बटण दाबून आकडा शून्यावर आणतो, मग तुकड्या घालतो आणि किमतीचं लेबल झाकणावर चिकटवतो. इतकं साधं. पण यासाठी मी पहिल्या दुकानात दोनदा 'नियमात बसत नाही' ऐकून घेतलंय आणि तिसऱ्यांदा दुकान बदललंय. त्यामुळे तो डबा पिशवीतून काढताना मला जे वाटतं ते थोडं फार अभिमानाच्या पलीकडचं आहे, हे कबूल करते. मागच्या रांगेतल्या बायका कौतुकाने बघतात. मी त्यांना बघू देते.

आई चवथ आटपून तीन महिन्यांसाठी आली. दुसऱ्याच दिवशी मी तिला डबा दाखवायला नेलं, म्हणजे मासे घ्यायला. सुरमई बघून ती खूश झाली. इथे तिला स्पॅनिश मॅकरेल म्हणतात, पण जात आपलीच. आईने कल्ल्यात बोट घालून बघायचं म्हटलं, ते जमलं नाही, मध्ये काच होती. डब्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. तिचं लक्ष पोराच्या हातांकडे.

"तो हातमोजे कित्याक बदलता गो?"

मी आजवर हे पाहिलंच नव्हतं. आमच्या आधीच्या गिऱ्हाइकासाठी एक जोडी. ती काढून टोपलीत. आमच्यासाठी नवी. मध्येच त्याने फोनला हात लावला, पुन्हा नवी. आई तिथे उभी राहून मोजत होती. आमचा नंबर येऊन मासे हातात पडेपर्यंत अकरा जोड्या. बावीस हातमोजे, पातळ निळ्या प्लास्टिकचे, आणि मी आपली एक पिशवी वाचवून बसलेले.

"हात धुवूक येणा नाय त्येका?"

मी तिला स्वच्छतेचे नियम, जंतू, परवाने वगैरे सांगायला लागले. मालवणच्या बाजारातल्या बायका आठवत होत्या मला, उघड्या हाताने सुंगटं मापणाऱ्या, मधूनच बादलीत हात बुडवून पदराला पुसणाऱ्या. तेही मी तिला ऐकवलं. तर म्हणाली, "मगे? इतक्या वर्षांत मेलंव काय आमी?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मी डबा घेऊन जायचं सोडलेलं नाही, पण आता काउंटरवर माझी मान पूर्वीइतकी ताठ राहत नाही. हातमोजे मोजते. सवयच लागलीय.

नंतर ऑक्टोबरात 'ब्लेसिंग ऑफ द फ्लीट' झालं. इटलीहून इथे येऊन स्थायिक झालेल्या मच्छीमारांनी 1948 पासून चालवलेला सण. चर्चमधून त्यांच्या मोल्फेत्ता गावच्या मेरीमाउलीची मूर्ती मिरवणुकीने बंदरावर आणतात, होड्यांना आशीर्वाद मिळतो. आईने ठरवलं, आपली नारळी पौर्णिमा या वर्षी उशिरा. नारळ आणायला सुपरमार्केटमध्ये गेलो. नारळ मिळाला, प्लास्टिकच्या पातळ वेष्टनात घट्ट गुंडाळलेला. आईने तो हातात फिरवून फिरवून पाहिला. "नारळाक कपडे कित्याक?" ज्या फळाला देवाने करवंटी दिली, सोडण दिलं, त्याला वरून हे. मी हसून सोडून दिलं. ती घरी येईपर्यंत तेच बोलत होती.

आता याचा अर्थ असा घेऊ नका की गावाकडे सगळं आलबेल आहे. मागच्या वर्षी मालवणात गेले तेव्हा बांगडे मला काळ्या झबला पिशवीत मिळाले, तीही दुहेरी, कारण एकीचे कान तुटतात. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी 23 जून 2018 पासून आहे, पहिल्या वेळी पकडलं तर पाच हजार दंड. त्या बाजारात मी दोन तास होते. दंड सोडा, कोणी 'पिशवी आणलीय का' असंही विचारलं नाही.

पण इथल्या शेजारणीने 'इंडियात तर प्लास्टिकचा फार प्रॉब्लेम ना?' असं म्हटलं की माझं डोकं फिरतं. मग मी सुरू होते. मुंबईतल्या वर्सोव्याचा किनारा वकील अफरोज शाह आणि लोकांनी 2015 पासून हातांनी उपसला आणि 2018 साली तिथे कासवाची पिल्लं निघाली, हे सांगते. आपल्या राज्यात जाळ्यात कासव किंवा देवमाशासारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर सरकार पंचवीस हजारांपर्यंत भरपाई देतं, हेही सांगते. हे सांगताना आवाज चढतो. काळ्या पिशवीचं मी शेजारणीला सांगत नाही. ते आपल्याआपल्यात.

आणि इथल्यांनी फार बोलू नये. आई आली तेव्हा स्वयंपाकघरात एक मोठी पिशवी होती, मऊ प्लास्टिकची. ब्रेडची वेष्टनं, चिप्सची पाकिटं. पूर्वी ही सुपरमार्केटच्या दारातल्या पेटीत टाकायची सोय होती. मी वर्षानुवर्षं धुऊन, वाळवून, घड्या घालून तिथे नेऊन टाकली. नोव्हेंबर 2022 मध्ये कळलं की त्यातल्या बऱ्याचशाचं पुढे काही होतच नव्हतं, देशभरातलं हजारो टन प्लास्टिक गोदामांत साठवून ठेवलेलं. योजना बंद पडली. माझी घडी घालायची सवय सुटली नाही, म्हणून ती पिशवी. आईने विचारलं, "हो कचरो खंय जाता गो?" मी म्हटलं, सध्या कुठेच नाही. "मगे ठेवतस कित्याक?" तिने त्यातली बरी पाकिटं निवडली, परत जाताना कोकमं भरून न्यायला. कोकमं तिनेच आणली होती, पण ते असो.

तर बाटल्या. ऑक्टोबर 2020 पासून इथे पेयाच्या रिकाम्या बाटल्या आणि कॅन परत केले की प्रत्येकी दहा सेंट मिळतात. मी आमच्या घरच्या बाटल्या मुलीच्या शाळेच्या खात्यावर जमा करते, त्यामुळे पैसे हातात कधी आलेच नाहीत. हे मी सहज बोलता बोलता आईला सांगितलं आणि तिचा चेहरा बदलला. दहा सेंट म्हणजे आपले पाच-सहा रुपये. तिला लगेच आठवलं, लग्नकार्याला सोड्याचे क्रेट आणायचे तेव्हा रिकामी बाटली दिल्याशिवाय भरलेली मिळायची नाही. फुटली तर डिपॉझिट गेलं. म्हणजे हा कारभार तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

दुसऱ्या दिवसापासून ती फिरायला जाताना दोन कापडी पिशव्या न्यायला लागली. आठवड्याभरात तिला सगळं कळलं, कुठल्या बाकाखाली काय सापडतं, शनिवारी बार्बेक्यूपाशी किती, कॅफेच्या पेटीत काही मिळत नाही वगैरे. एक म्हातारे गृहस्थ सायकलला गोणपाटं बांधून रोज हेच करतात. त्यांच्यात आणि आईत एक शब्दाची भाषा समाईक नाही, पण किनारा वाटून झाला. "तो थयलो, मी हयली." झाडांच्या रांगेपासून उत्तर त्यांचं, दक्षिण आईचं. एकदा तिच्या हद्दीत त्यांना कॅन सापडला तर त्यांनी आणून दिला म्हणे.

आणि मला लाज वाटायची. हे सरळ लिहिते. हातमोजे घालून, संस्थेचा टी-शर्ट घालून, चिमट्याने किनारा साफ करणाऱ्या गोऱ्या बाईचा फोटो मी कौतुकाने पुढे पाठवते. मीही तशा मोहिमांना गेलेय. पण साडीतली, सावळी, सत्तरीची बाई पेटीतून बाटली काढते तेव्हा मला मोहीम दिसत नाही, मला डोंबिवली स्टेशनबाहेरची भंगारवाली दिसते. इथल्यांना ती दिसत नाही, हे मला नंतर कळलं. एक पोहून आलेले आजोबा थांबून आईला 'गुड ऑन यू' म्हणाले आणि स्वतःच्या गाडीतून चार रिकाम्या बाटल्या काढून दिल्या. भंगारवाली मला आणि त्या अंगठी शोधणाऱ्या कुटुंबालाच दिसली. आपण सोबत काय काय आणतो, मसाल्याशिवाय.

त्या अंगठीच्या रात्री आईने विचारलं, "तुका लाज वाटता?"

मी म्हटलं, तसं नाही, इथे पेटीत हात घालणं चालत नाही, नियम आहे. असा नियम मी कुठे वाचलेला नव्हता. तिने ऐकलं आणि म्हणाली, बरं, मग पेटीतलं नको, बाहेरचं घेते. तिने तो नियम पाळलाही. मला ते जास्त लागलं.

बुधवारी बाटल्या परत घेणाऱ्या डेपोत गेलो. गाडीत पाच पिशव्या, वासाने नको जीव. आईने झाकणं काढून, विसळून, मोजून ठेवलेलं. दोनशे चौदा. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही हातांनी भराभर वेगवेगळ्या खाचांत टाकत मोजलं. दोनशे नऊ. आईने मान हलवली. पुन्हा मोजायला लावलं, मी भाषांतर करताना शक्य तितकं गोड केलं. पाच बाटल्या बाजूला ठेवल्या होत्या, तीन वाइनच्या, दोन साध्या दुधाच्या. त्यांचे पैसे मिळाले नाहीत. "काच ती काच. बियरची घेतत, हिका कित्याक नको?" मुलगी म्हणाली, आय नो, राइट? आणि वीस डॉलर नव्वद सेंट रोख दिले.

वीसची नोट नातीला गेली. नव्वद सेंट आईच्या बटव्यात, मालवणात दाखवायला.

दुधाच्या बाटल्या मी तिथेच पिवळ्या झाकणाच्या, म्हणजे रिसायकलिंगच्या पेटीत टाकल्या. वाइनच्या तिने टाकू दिल्या नाहीत. गरम पाण्यात रात्रभर ठेवून, नखाने खरवडून दोन स्वच्छ झाल्या, त्यांत कोकमाचं आगळ भरून ठेवलंय. तिसरीत फोडणीचं तेल आहे, शेगडीच्या बाजूला. तिचं लेबल काही केल्या निघालं नाही. 'शिराझ' एवढं अजून वाचता येतं.