नागपुरात शीळकरी कस्तुर? आधी दयाळ तपासा

उन्हाळ्याच्या तोंडाशी सेमिनरी हिल्सवर पहाटे एखाद्या शेंड्यावरून गोड शीळ येते आणि ‘शीळकरी कस्तुर आला’ असा मेसेज पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर पडतो. बहुतेक वेळा तो दयाळ असतो, बागेतला काळा-पांढरा गाणारा पक्षी.

शीळकरी कस्तुर, म्हणजे मलबार व्हिसलिंग थ्रश, हा डोंगरझऱ्यांचा पक्षी. सह्याद्रीत भरपूर, आपल्या बाजूला सातपुड्यात पचमढीकडे. त्याला वाहतं पाणी, लागून कपारी आणि गच्च सावली एकाच जागी हवी. किडे, खेकडे, बेडूक तिथेच टिपायचे, घरटंही तिथल्याच खबदाडीत. पचमढी हजार मीटरवर, नागपूर जेमतेम तीनशे. इथले बरेचसे नाले उन्हाळ्याआधीच आटतात. त्याला इकडे यायचं कारणच काय?

दयाळ एक ओळ म्हणतो, थांबतो, पुन्हा म्हणतो. कस्तुराची शीळ थेट माणसाची वाटते. रिकामटेकडं पोर सूर शोधत चाललंय, पण चाल काही सापडत नाही, अशी. अडचण पुढेच आहे. कस्तुर गातो विणीच्या काळात, साधारण फेब्रुवारी ते ऑगस्ट. भटकतो हिवाळ्यात, आणि तेव्हा बराचसा गप्प असतो. म्हणजे डिसेंबरात भटकत इकडे आलाच, तर भिस्त डोळ्यांवरच.

तिथे चकवतो तो ब्लू रॉक थ्रश, थंडीचा पाहुणा. किल्ल्याची भिंत, खदान, उघडा खडक अशा जागी ताठ बसतो. नर अंगभर मळकट निळा, कुठेच चकाकी नाही. कस्तुर मैनेपेक्षा किंचित मोठा, सुमारे 25 सेंमी, चोच आणि पाय काळे. कपाळावर आणि खांद्यावर चकचकीत निळा पट्टा असतो, पण तिरपा उजेड पडला तरच दिसतो. एरवी पक्षी काळा ठिक्कर. बसल्या जागी शेपटी पंख्यासारखी उघडून मिटतो, ते नक्की बघा.

फोटोत मागे आकाश असेल तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) +1 करा, नाहीतर पक्षी नुसता काळा येईल आणि चिरकासारखा छोटा पक्षीही कस्तुर दिसेल. आवाज निदान मिनिटभर रेकॉर्ड करा, फोन हातात चोळू नका. मर्लिनने, म्हणजे पक्षी ओळखणाऱ्या अ‍ॅपने, नाव सुचवलं म्हणजे पुरावा झाला नाही. मूळ फाइल कापाकापी न करता ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवरच्या नोंदीला जोडा. आणि आवाज वाजवून त्याला बोलावू नका: मोबाइलमधल्या कस्तुराचंच रेकॉर्डिंग शेजारच्याच्या नोंदीत जातं.