नवाने भाग

एक तारीख, त्यातून सोमवार. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या बँकेच्या तालुक्याच्या शाखेत पेन्शनवाल्यांची रांग पार पायऱ्यांपर्यंत. हेड कॅशियर रजेवर. म्हणून मी जॉइन होऊन जेमतेम आठवडा झालेल्या लातूरच्या पोरीला कॅश काउंटरवर बसवलं. "जमेल ना?" विचारलं. "हो सर" म्हणाली. नवा माणूस दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी कॅश जुळेना. १८,००० कमी. तिने तीनदा मोजली, मी मशीनवर एकदा आणि हाताने एकदा. ड्रॉवर, कचऱ्याची टोपली, टेबलाखालचं पायपुसणं, सगळं उलटंपालटं करून झालं. कॅश कमी पडली तर कॅशियरने खिशातून भरायची, हे तिला पहिल्याच दिवशी सांगून झालं होतं. शोधायची कशी, ते कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही.

"सर, बाबांना फोन लावू का पैशासाठी?"

मलाच ओशाळल्यासारखं झालं. चहा मागवला आणि म्हटलं, "मॅडम, अठरा हजाराला नवाने भाग द्या."

बरोबर दोन हजार. फरकाला नवाने पूर्ण भाग गेला की आकड्यांची अदलाबदल झाली असेल असा संशय घ्यायचा, ही हिशेबातली जुनी युक्ती. इथे दोन हजार म्हणजे दहा हजारांच्या आणि हजारांच्या घरातले आकडे उलटे पडले असणार, आणि त्या दोघांत फरक दोनाचा. ५० हजारांपुढची जमा माझ्याकडे मंजुरीला येते, ती मी बघितलेली. कॅश कमी, म्हणजे एखादी जमा सिस्टीमला जास्त पडली असावी. मग आधी तिच्या जमेच्या एन्ट्रींपैकी २०, ३१ नाहीतर ४२ हजारांच्या घरातल्याच काढायच्या. शंभरावर स्लिपांतून उरल्या पाच.

चौथी दूध संकलन केंद्राची. स्लिपवर २४,६००, नोटांचा तपशीलही तेवढाच. सिस्टीमला ४२,६००.

"पण सर, ते चोवीस हजार सहाशेच म्हणाले होते. मला चांगलं आठवतंय!"

तिथेच तर गोम होती. 'चोवीस' म्हणताना चार आधी येतो, वीस मागून. रांगेच्या गडबडीत कानाने ऐकलं आणि बोट आधी चारवर गेलं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस चार' असं वाचायला दिलं, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टिंगल केली होती. त्या संध्याकाळी मुकाट चहा प्यालो.

दूधवाल्याला फोन केला, एन्ट्री रिव्हर्स केली, तिजोरी बंद व्हायला पावणेआठ वाजले. खरी चूक ड्यूटी लावतानाच झाली होती, आणि ड्यूटी मी लावलेली. तिला तसं सांगितलंही.

दुसऱ्या दिवशी माझी खुर्ची काउंटरमागे, तिच्या शेजारी. केबिनमधल्या फोनला शिपाईमामा उत्तर देत होते. पहिलाच माणूस काचेपलीकडून ओरडला, "छत्तीस हजार!" तिने मान वर केली नाही. स्लिप पुढे ओढली आणि आकड्याखाली बोट ठेवलं.