पलाऊचा ब्लू कॉर्नर: तिकिटाआधी तिथी बघा

पलाऊची तिकिटं काढायच्या आधी मी स्वयंपाकघरातलं मराठी कॅलेंडर उतरवून घेतलं आणि तिथ्या बघितल्या. माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे उधाण आणि भांग हे शब्द लहानपणापासून कानावरचे, अमावस्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे पाणी जोरात चढणार जोरात उतरणार, अष्टमीच्या सुमाराला भांग म्हणजे पाणी सुस्त. पलाऊच्या ब्लू कॉर्नरला करतात ते ड्रिफ्ट डायव्हिंग, म्हणजे समुद्राखाली करंटबरोबर वाहत जात केलेलं डायव्हिंग, पूर्ण याच हिशोबावर चालतं. म्हणून आम्ही शुद्ध अष्टमीला पहिला डाइव्ह आणि पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवटचा असं बसवलं, म्हणजे सुरुवात सौम्य आणि रोज थोडा थोडा करंट वाढत जाणार. हा एक निर्णय इतका उपयोगी पडला की हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

पलाऊ म्हणजे फिलिपिन्सच्या पूर्वेला पॅसिफिकमधला छोटासा देश, घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, चलन अमेरिकन डॉलर. आम्ही मुंबईहून बँकॉक, तैपेई करत कोरोरला, म्हणजे तिथल्या मुख्य शहराला, पोचलो. ग्वाममार्गे पण विमानं आहेत पण ग्वाम अमेरिकेत येतं, तिथला व्हिसा नसेल तर तो रस्ता विसरा. उतरल्यावर पासपोर्टवर एक शिक्का मारतात, त्यावर पलाऊच्या मुलांना उद्देशून प्रतिज्ञा असते की मी तुमचं बेट जपेन, आणि खाली आपण सही करायची. 2017 पासून हे चालू आहे. सही करताना मला खरंच भरून आलं. 100 डॉलरची पर्यावरण फी विमान तिकिटातच धरलेली असते, रॉक आयलंड्सचं, म्हणजे जिथे डाइव्ह करतात त्या बेटांचं, परमिट वेगळं, आम्ही 50 डॉलर भरले (जेलीफिश लेक हवं असेल तर 100). सनस्क्रीन मात्र घरूनच नीट बघून न्या, ऑक्सिबेंझोन वगैरे कोरलला घातक रसायनं असलेल्यांवर 2020 पासून बंदी आहे. आम्ही तर फुल बाह्यांचे रॅशगार्ड घालून सनस्क्रीनचा प्रश्नच मिटवला.

आता मुख्य गोष्ट. कोरोरहून स्पीडबोटीने जवळजवळ तासभर, हिरव्या मशरूमसारख्या बेटांमधून, आणि मग न्गेमेलिस बेटाजवळची पाण्याखालची उभी भिंत. वर कोरल अगदी गुडघाभर पाण्यात आणि बोटीच्या दुसऱ्या बाजूला वाकून बघितलं तर तळच नाही, नुसता गडद निळा. भरती-ओहोटीला आतलं लगून, म्हणजे रीफच्या आतलं उथळ पाणी, भरतं आणि रिकामं होतं, ते सगळं पाणी या भिंतीला घासत जातं आणि जिथे भिंत समुद्रात नाकासारखी पुढे आलीये तिथे करंट एकदम वाढतो. ते नाक म्हणजे ब्लू कॉर्नर. पाण्याबरोबर प्लँक्टन येतो, त्यामागे छोटे मासे, त्यांच्यामागे बाराकुडा, ट्रेव्हली आणि शार्क.

पहिल्या दिवशी ब्लू होल्समधून उतरलो, रीफच्या माथ्यावर चार तोंडं आहेत त्यातून खाली मोठ्या गुहेत, वरून उन्हाचे झोत येत असतात, आणि मग बाहेर पडून भिंत धरून कॉर्नरकडे. अष्टमीचं पाणी, पाय न हलवता अलगद पुढे जातोय, फार सुंदर. पण कॉर्नरला पोचल्यावर मला रीफ हुक, म्हणजे खडकात अडकवून करंटमध्ये जागेवर थांबायचा दोरीचा आकडा, लावताच आला नाही. एका हातात दोरी, एका हातात टाकीतली हवा दाखवणारा गेज, तेवढ्यात नवरा कुठेय बघायला मान वळवली आणि करंटने मास्क उचलला, अर्धं पाणी आत. गाइडने हात धरून माझा हुक लावून दिला. हाच प्रकार एकादशी-द्वादशीच्या पाण्यात झाला असता तर मी सरळ उडून गेले असते.

तर हुकबद्दल. दोरीचं एक टोक बीसीडीच्या (हवा भरायच्या डायव्हिंग जॅकेटच्या) पुढच्या डी-रिंगला, म्हणजे कडीला, बोटीवरच लावायचं. हुक फक्त मेलेल्या खडकात, जिवंत कोरलला अजिबात नाही, गाइड दाखवतो ती फट घ्यायची. अडकला की बीसीडीत थोडी हवा भरा म्हणजे पतंगासारखे वर तरंगत राहता आणि फिन्स कोरलला लागत नाहीत. मान वळवायची तर मास्कवर हात ठेवून. सोडताना आधी ती हवा काढा, मग दोरी धरून पुढे या, मग हुक काढा. हवा न काढता हुक काढलात तर फुग्यासारखे वर जाल, हे आमच्याच बोटीवरच्या एकाचं झालं, नशिबाने फार खोल नव्हता.

तिसऱ्या दिवसापासून जमलं. आणि मग समोर जे दिसलं… वीस-पंचवीस ग्रे रीफ शार्क, कडेच्या अगदी समोर, शेपूटसुद्धा फारसं न हलवता करंटमध्ये टांगल्यासारखे. आमच्याकडे मोरी, म्हणजे छोटा शार्क, ती बाजारात टोपलीत पडलेली, तिचं कालवण मी लहानपणी आवडीने खाल्लंय, त्याच जातकुळीतला प्राणी इतका निवांत, इतका डौलदार असतो हे मला चाळिशीत कळलं. पलाऊने 2009 मध्ये आपला सगळा समुद्र शार्कसाठी राखीव केला, जगात पहिल्यांदा, आणि त्याचा अर्थ काय ते त्या कडेवर लटकल्यावर समजतं.

एक धोका मात्र नीट समजून जा, डाउन करंट. भिंतीला लागून पाणी कधी खाली पण ओढतं, आपले बुडबुडे वर जायच्या ऐवजी खाली किंवा आडवे जायला लागले की ओळखा. वर किक मारून दमू नका. खडक जवळ असेल तर धरून धरून वर या, नाहीतर भिंतीपासून लांब निळ्यात पोहत जा, तिथे ओढ कमी होते. बीसीडीत हवा भरावी लागली तर ओढ सुटताक्षणी ती काढायची तयारी ठेवा. आणि एसएमबी, म्हणजे पाण्यावर सोडायचा खुणेचा फुगा, प्रत्येकाकडे स्वतःचा हवा, बडीकडे (डाइव्हच्या जोडीदाराकडे) आहे हे चालणार नाही, कारण डाइव्ह संपतो तो मोकळ्या समुद्रात, सेफ्टी स्टॉपच्या, म्हणजे वर यायच्या आधी थांबायच्या, तीन मिनिटांत सुद्धा तुम्ही कुठच्या कुठे जाता आणि बोटवाल्याला लाटांमध्ये दिसतो तो फक्त तो केशरी फुगा. तो आधी स्विमिंग पूलमध्ये चार-पाच वेळा सोडून बघा. माझ्या मते निदान 50 डाइव्ह झाल्याशिवाय इथे येऊ नये, तारकर्ली-हॅवलॉकला शिकलात तर तिथेच अजून थोडे करून या, आणि डायव्हिंगचा इन्शुरन्स काढा.

जर्मन चॅनलला एकच डाइव्ह केला. अंगौर बेटावरचं फॉस्फेट न्यायला जर्मनांनी खणलेली वाट, आता तिथे मँटा, म्हणजे पाखटाच्या जातीतले अवाढव्य मासे, अंग साफ करून घ्यायला येतात. आम्हाला दोन दिसल्या, वाळूवर गप्प गुडघे टेकून बसलो होतो म्हणूनच जवळ आल्या.

शेवटचा डाइव्ह पहाटेचा, पेलेलिउ बेटाच्या बाजूला. पौर्णिमेच्या आसपास तिथे लाल स्नॅपर, आपल्या तांबोशीच्या कुळातले, हजारोंनी जमतात अंडी सोडायला. उजाडता उजाडता ते भिंतीवरून निळ्यात निघाले, मध्येच एक घोळका वर उसळतो आणि मागे दुधासारखा ढग, पाणी इतकं पांढरं की नवरा दिसेना. करंट सगळ्यात जोरात होता त्या दिवशी, पण तोपर्यंत अंगात बसला होता.

नंतरचा अख्खा दिवस कोरोरमध्ये काढला, विमानाआधी निदान 18 तास कोरडे, म्हणजे डाइव्हशिवाय, हवेत. बंपहेड पॅरटफिश नावाचे मासे असेच अंडी सोडायला अमावस्येच्या सुमाराला जमतात म्हणे आणि बोटवाल्याने तो काळ सांगितला तोही चंद्रावरूनच, त्याच्या आजोबांपासून तसंच मोजतात. ते बघायला पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आलं की फाल्गुनातली अमावस्या कधी आहे ते आधी बघणार आहे.