पहिल्या गोळ्या सहज मिळतात, पुढच्या मिळताना जीव जातो

नैराश्याचा उपचार सुरू करणं लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. केसपेपर काढायचा, नंबर आला की आत जायचं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून याचे पैसे लागत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याखाली येतात, तिथं केसपेपरचे पैसे मागितले तर भांडत बसू नका. आत डॉक्टर गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न विचारतात: झोप, भूक, थकवा, कशात मन लागतं का, मरणाचे विचार येतात का. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गावातल्या आशाताईंच्या फॉर्मात यातले पहिले दोन प्रश्न असतात, त्यामुळे पहिली चाचपणी दारातही होऊ शकते. नववा प्रश्न मरणाचा आहे. तिथं लाजून ‘नाही’ म्हणू नका.

सोबत रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी१२, साखर. सगळा थकवा मनाचाच असतो असं नाही, आणि आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं काही नवलाचं नाही. एक मात्र सांभाळा. बी१२साठी रक्त देण्याआधी गावातल्या डॉक्टरकडून ‘ताकदीचं इंजेक्शन’ किंवा सलाईन घेऊ नका. त्यात बऱ्याचदा बी१२ असतं, मग रिपोर्ट चांगला येतो आणि खरी कमतरता झाकून जाते.

इथपर्यंत सगळं सुरळीत. माझा राग पुढच्या भागावर आहे, औषधाच्या खिडकीवर.

ह्या आजारात सकाळी उठून तोंड धुणं हेच मोठं काम असतं. आणि नेमक्या अशा माणसाला दर पंधरा दिवसांनी एसटीनं जिल्ह्याला जाऊन दोन रांगांत उभं राहावं लागतं. आमच्याकडं खिडकीवर १५ दिवसांच्याच गोळ्या देत. मनोविकाराचे डॉक्टर आठवड्यातून ठरलेल्या वारी. समजा वार मंगळवार. आज रात्री पहिली गोळी घेतली, तर पंधरावी गोळी बरोबर तिसऱ्या मंगळवारी रात्री संपते. त्या मंगळवारी सुट्टी आली, किंवा डॉक्टर दिव्यांग प्रमाणपत्राच्या बोर्डावर गेले, की पुढचा मंगळवार येईपर्यंत सहा रात्री गोळीविना. हा हिशोब खिडकीमागं बसलेल्याला कुणी समजावून सांगितलेला नसतो, आणि त्याला तो ऐकायचाही नसतो.

सहा रात्रींत काय होतं ते नीट समजून घ्या, कारण घरातली अर्धी भांडणं इथून निघतात. एस्सिटालोप्रामसारखी नैराश्याची गोळी एकदम बंद झाली की दोन-चार दिवसांत चक्कर येते, मळमळतं, डोक्यात विजेसारखे झटके बसतात, विचित्र स्वप्नं पडतात, आणि चिडचिड तर विचारू नका. पोरांवर हात उगारला जातो, जावेला टाकून बोललं जातं. मग आत्याबाई म्हणतात, “बघा, गोळ्यांची सवय लागली. मी आधीच म्हणत होते.” ही नशेची सवय नव्हे. मेंदू औषधाच्या पातळीला जुळलेला असतो आणि ती पातळी अचानक उतरते, एवढंच. सवय लागण्याची खरी भीती झोपेच्या गोळ्यांची असते, म्हणून त्या थोड्याच आठवड्यांसाठी देतात. हा फरक घरातल्या एका तरी माणसाला डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आपण सांगितलं तर पटत नाही, डॉक्टरांनी सांगितलं की तेच चार जणांना सांगत फिरतात.

दुसरा अडसर म्हणजे “पेशंट समोर पाहिजे.” घरचं माणूस चिठ्ठी घेऊन गेलं तर परत पाठवायचे. सुरुवातीचे काही आठवडे पेशंटनं स्वतः जायलाच पाहिजे, हे मला मान्य आहे. औषध लागू पडेपर्यंतचा काळ नाजूक असतो, डॉक्टरांनी डोळ्यांनी बघणं गरजेचं असतं. पण तब्येत स्थिर झाल्यावर, तेच औषध त्याच मात्रेत चालू असताना, अंगात त्राण नसलेल्या बाईला रांगेत उभं करून कुणाचं काय भलं होतं?

यावर उपाय खिडकीवर नाही, डॉक्टरांच्या टेबलावर आहे. आत असतानाच तीन गोष्टी केसपेपरवर लिहून मागा. एक, गोळ्या ३५ दिवसांच्या. तीस नव्हे, पस्तीस म्हणजे पुरे पाच आठवडे, त्यामुळे वार चुकत नाही. चार आठवड्यांनी गेलात तर सात गोळ्या शिल्लक राहतात, सुट्टी आली तरी भागतं. दोन, ‘औषध नातेवाईकाकडे द्यावे’ असं लिहून त्या माणसाचं नाव. तीन, पुढच्या भेटीची तारीख. झोपेची गोळी असेल तर डॉक्टर दुसऱ्याच्या हाती द्यायला नको म्हणतील, ते बरोबरच आहे.

“साठा नाही, बाहेरून घ्या” असं उत्तर मिळालं तर तेही केसपेपरवर लिहून मागा. तोंडी ‘नाही’ला कुणी जबाबदार नसतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात स्पष्ट आहे: आवश्यक औषधांच्या यादीतली मनोविकाराची औषधं सरकारी दवाखान्यात, ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर, कायम मोफत मिळाली पाहिजेत. खिडकीवर कायदा सांगून उपयोग नाही, तिथं फक्त रांग ओरडते. वरिष्ठांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोवर तीच चिठ्ठी दाखवून जनऔषधी केंद्रातून घ्या, तिथं स्वस्त पडतात. स्ट्रिपवर कंपनीचं नाव बदलेल, गोळीचा रंग बदलेल, तिकडे लक्ष देऊ नका. औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम तेच आहे का एवढं वाचा. १०च्या जागी ५ची स्ट्रिप आली तर मात्र तिथंच थांबवा.

बायकांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. खर्च कमी झाला, थकवा काही कमी होत नाही. जायच्या दिवशी घरी परतल्यावर स्वयंपाक आपल्याकडे नाही, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवायचं.

घरात बोलायचं कसं, हा निम्मा उपचार आहे. “मला बरं वाटत नाही” म्हटलं तर “कुणाला वाटतंय?” असं उत्तर येतं. त्यापेक्षा वेळ सांगा: “दुपारी एक ते तीन मी पडणार, पाचचा चहा मी टाकते.” आणि तो चहा टाकाच. दिवसातलं एक छोटं काम ठरल्या वेळी करत राहिलं की आपल्यालाही बरं वाटतं आणि “काहीच करत नाही” हा शब्द निघत नाही. वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या येळवसीला, रानात पूजेला आणि जेवायला सगळं घर जातं. तिथं न जाणं डोळ्यावर येतं आणि दिवसभर थांबणं झेपत नाही. पूजा आणि जेवणापुरतं जायचं, आंबील पिऊन परत. परत कोण आणणार हे आधी ठरलेलं हवं. लग्नसराईत हळद किंवा अक्षता, दोन्ही नाही.

माहेरी रोज फोन करायचं ओझं घेऊ नका. आठवड्याचा एक वार सांगून ठेवा, आईचा जीव तेवढ्यानंही खाली पडतो. पोरांना “आईचा आजार आहे, तुमच्यामुळे नाही” एवढं पुरतं.

औषध दोन ते चार आठवड्यांत लागू पडायला लागतं, पूर्ण परिणामाला सहा-आठ आठवडे जातात. मळमळ, पोट बिघडणं आधी येतं, गुण नंतर दिसतो. हे माहीत नसलं की माणूस पहिल्याच आठवड्यात गोळी सोडतो. जेवणानंतर घेतली की मळमळ कमी होते. बरं वाटल्यावरही सहा ते नऊ महिने चालू ठेवतात आणि मग मात्रा हळूहळू उतरवतात. नवरा-बायकोच्या संबंधात इच्छा कमी होणं हाही या गोळ्यांचा परिणाम असू शकतो. नवऱ्याला हे सांगितलं नाही तर तो भलताच अर्थ लावतो. डॉक्टरांना सांगा, गोळी बदलता येते.

आजार जोरात असताना वाटणी, जमीन विकणं, नोकरी सोडणं यावर सही करू नका. भाऊजींना घाई असली तरी.

कुणी ‘बाहेरचं’ म्हणून दुसरीकडे न्यायला लागलं तर भांडू नका. देवाला जा, अंगारा लावा, पण गोळीचा खाडा नको.

फवारणीचं औषध घरात ठेवायचं नाही. शेतातल्या खोलीत कुलूप, किल्ली दुसऱ्याच्या कमरेला. नवव्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर हे आजच करा, आणि त्या माणसाला एकटं सोडू नका. रात्री-बेरात्री १४४१६ वर फोन करा. ही सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनची मोफत सेवा आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलतात. माझ्या मते हा नंबर पेशंटपेक्षा घरच्यांच्या मोबाईलमध्ये आधी हवा, कारण काय बोलावं हे त्यांनाही विचारता येतं.

केसपेपर हरवला तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. प्रत्येक भेटीनंतर दोन्ही बाजूंचा फोटो काढून जो माणूस औषध आणायला जातो त्याला पाठवून ठेवा.