आमची वाटचाल : विहिरीला पाय फुटले तेव्हा

आमच्या जमीनमोजणीच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला खिळ्यावर लोखंडी साखळी टांगलेली दिसते. नवीन पोरं विचारतात, "बैलाची का?" बैलाची नाही, मोजणीची. लांबी ३३ फूट, तिचे १६ सारखे भाग, त्यांना आणे म्हणायचं. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. गुंठा कुठून आला हे सर्वेअरचं काम शिकलेल्या पोरांनाही ही साखळी दाखवल्याशिवाय कळत नाही. ती मला आबांनी दिली. आबा निवृत्त भूमापक. आयटीआय करून मी गावी आलो तेव्हा त्यांनी मला फलकयंत्र, म्हणजे रानातच नकाशा काढायचं टेबल, मांडायला आणि टिपण, म्हणजे शेताच्या मापांचा जुना कच्चा नकाशा, वाचायला शिकवलं. यंत्र मी वर्षभरात शिकलो, टिपण वाचायला पाच वर्षं गेली.

आमचा तालुका इंदापूर. मुंबई इलाख्यातली जी सर्व्हे पद्धत पुढे महाराष्ट्रभर रुजली, तिचा पाया गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास याच तालुक्यात घातला. त्याआधीची प्रिंगल या अधिकाऱ्याची साऱ्याची आकारणी इतकी बिनसली होती की लोक रानं टाकून निघून गेले. एक गोष्ट मात्र विसरायची नाही. ती मोजणी शेतसाऱ्यासाठी होती. शेत किती आणि जमीन कसल्या प्रतीची, एवढं सरकारला हवं होतं. बांध नेमका कुठून जातो, याच्याशी त्याचं फारसं अडत नव्हतं. आज लोक त्याच कागदांच्या वारसांकडे वीतभर हद्दीचा निकाल मागतात. आमचा धंदा या दोन गोष्टींच्या मधल्या फटीत चालतो.

२००५ साली मी आणि मावसभाऊ असे दोघांनी खासगी मोजणीच्या धंद्याला सुरुवात केली. भाड्याची एक खोली, कोन मोजायचा एक थिओडोलाइट, एक टेप आणि त्याची मोटारसायकल. कामं प्लॉटिंगची, रस्त्याची, शेततळ्याची. पहिल्याच आठवड्यात एकाने विचारलं, "हद्द कायम करून द्याल का?" ते काम भूमी अभिलेख खात्याचं, हे आम्ही तेव्हाही सांगत होतो, आजही सांगतो. आमचा नकाशा वाटणीला, प्लॅनिंगला, आपसात बोलायला उपयोगी पडतो. सरकारी 'क' प्रतीची, म्हणजे खात्याने मोजून दिलेल्या हद्दीच्या नकाशाची, जागा तो घेत नाही. असं तोंडावर सांगितल्याने गिऱ्हाईक जातं खरं, पण त्यातलं बरंचसं परत येतं.

२००८ मध्ये जुनं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र, घेतलं. त्यासाठी बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि ती गोष्ट ती अजून महिन्यातून एकदा काढते. पुढे जुने गावनकाशे स्कॅन करून संगणकावर चढवायचं पोटकंत्राट मिळालं, ते काम तिनेच केलं. कापडावर चिकटवलेले नकाशे, घडीवर फाटलेले, एका बाजूने आकसलेले. एकाच नकाशावर उभं माप जुळायचं, आडवं जुळायचं नाही. १:१०,००० च्या नकाशात पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवर पाच मीटर. ती रेघ माऊसने कुठल्या कडेला धरायची? शेजारशेजारच्या दोन गावांचे नकाशे लावले की शिवा जुळेनात, आणि मध्ये एक पट्टा उरायचा. कागदावर तो कुणाचाच नाही, रानात मात्र त्यावर ऊस उभा. कंत्राटदार जमिनीच्या दर गटामागे पैसे द्यायचा, म्हणून सगळ्यांचीच घाई. ज्याने घाईत शिवा ओढून जुळवल्या त्याचं बिल आधी निघालं. आमचं आठ महिने लटकलं. डिजिटल झालं म्हणजे दुरुस्त झालं, असं मी तेव्हापासून म्हणत नाही.

आता विहिरीची गोष्ट. २०१६ साली आम्ही उपग्रहांवरून जागा काढणारा रोव्हर घेतला. बेस, म्हणजे त्याच्या जोडीचं स्थिर यंत्र, एका जागी मांडायचा, रोव्हरची काठी घेऊन रानातून हिंडायचं, स्क्रीनवर 'फिक्स' आला, म्हणजे जागा सेंटिमीटरपर्यंत पक्की झाली, की बिंदू घ्यायचा. आम्हाला शिंगं फुटल्यासारखी झाली होती. दोन भावांचं वाटणीचं काम आलं, मध्ये सामाईक विहीर. पहिल्या दिवशी पूर्वेकडच्या खुंट्या ठोकल्या, चुन्याची फक्की मारली. रात्री चोरीच्या भीतीने बेस उचलून नेला. सकाळी त्याच खिळ्यावर मांडला आणि पश्चिमेकडून काम उरकलं. दुपारी फक्की पाहायला धाकटा भाऊ आला. विहीर अख्खी त्याच्या वाट्यात गेलेली. थोरल्याची बायको डोक्यावरचं गवताचं ओझं खाली टाकून म्हणाली, "रातीत हिरीला पाय फुटलं व्हय रं?"

विहीर हलली नव्हती, आमचा बेस हलला होता. खिळा तोच होता. पण कालचे कोऑर्डिनेट, म्हणजे जागेचे आकडे, त्याला न देता आम्ही यंत्राला स्वतःची जागा नव्याने ओळखायला सांगितलं होतं. असं एकट्याने ओळखताना ते रोज मीटर-दोन मीटर इकडेतिकडे जातं. कालचं काम आणि आजचं काम आपापल्या जागी सेंटिमीटरला बरोबर होतं, एकमेकांपासून मात्र पावणेदोन मीटर सरकलेलं. बांधावरचे दोन जुने दगड धरून सगळं पुन्हा मोजलं. पैसे घेतले नाहीत. तरी पुढे वर्षभर त्या गावात आम्हाला 'पायवाले' म्हणत.

तेव्हापासून रोज सकाळी कामाआधी ओळखीच्या खिळ्यावर काठी टेकवायची, आलेला आकडा वहीत लिहायचा, मगच पुढे. अशा अकरा वह्या झाल्यात. आता भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यभर उभारलेल्या ७७ कॉर्स केंद्रांमुळे, म्हणजे कायम चालू असलेल्या बेसमुळे, आपला बेस न्यायची गरज उरली नाही. मोबाइलवर दुरुस्ती येते आणि पाच सेंटिमीटरच्या आत काम होतं. तेही रेंज असेल तर. पुरुषभर उंच उसात शिरलात की ना फिक्स, ना रेंज, नुसती पात्यांची कापाकापी. म्हणून आमचा हंगाम अजून ऊसतोडीवरच चालतो.

गावठाणाचं काम मात्र वेगळं. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीला गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग झाला आणि एप्रिल २०२० मध्ये केंद्राची स्वामित्व योजना आली. आमच्याकडे ड्रोन आलं तेव्हा मी बघायला गेलो होतो. उडण्याआधी लोक आपापल्या घराभोवती चुन्याच्या रेघा मारतात. ड्रोन वीस मिनिटांत मोकळं झालं. चुना मारायला मात्र गावाला दोन दिवस लागले, आणि त्या दोन दिवसांत बोळाच्या एका कोपऱ्यावर चार वेळा चुना पुसून चार वेळा मारला गेला. ज्या गावठाणाला कधी नकाशाच नव्हता, तिथे मिळकत पत्रिका, म्हणजे घरजागेच्या हक्काचा कागद, मिळणं ही मोठी गोष्ट आहे, बँक निदान दारात तरी उभं करते. शेतीचं तसं नाही. तिथे कागद आहेत, आणि अडचण ही की ते एकाहून जास्त आहेत.

सर्व्हे नंबरचे गट झाले, गटांचे पोटहिस्से पडले, बांध नांगराने कोरले गेले. परवाचंच एक प्रकरण. सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, आकारबंदात, म्हणजे क्षेत्र आणि साऱ्याच्या सरकारी नोंदवहीत, १ हेक्टर ६०, गटनकाशावरून काढलं तर १ हेक्टर ६४, आणि आम्ही वहिवाटीने मोजलं ते १ हेक्टर ५७. माझ्या मुलीने चारही आकडे एका कागदावर मांडून दिले. ती आता कॅड, म्हणजे संगणकावरचं नकाशाकाम, बघते, रोव्हरही चालवते. शेतकरी आजोबांनी कागद उलटसुलट पाहिला.

"यातलं खरं कुठलं, ताई?"

"आजोबा, चौथं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. बाकीच्या तिघांसाठी खात्याची मोजणी मागवा. लगतधारकांना नोटिसा जातील, तेव्हा सगळे बांधावर येतील."

"शेजारचा न्हाई यायचा."

"त्याच्याकडे कुणीतरी आधी जाऊन यायला हवं."

आजोबांनी कागदाची घडी घालून टोपीत ठेवली आणि शेजाऱ्याचा पोरगा कुठल्या कारखान्यावर कामाला आहे ते सांगायला लागले. मुलीने वहीचं पान उलटून तेही लिहून घेतलं.